वरातीमागून घोडं: ब्रिटन आणि युरोप

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, तर हेडफोन नीट लावा. आज जरा इतिहासात जायचंय.

जून २०१६. मी बीटेक करत होतो. ब्रेक्झिटचा निकाल आला, ५२ विरुद्ध ४८ टक्के, आणि हॉस्टेलच्या ग्रुपवर मीम्सचा पाऊस पडला. मीही दोन-चार फॉरवर्ड केले. ‘एका रात्रीत डोकं फिरलं यांचं,’ असंच मला वाटलं. ते चूक होतं.

१९५७ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी रोममध्ये सामायिक बाजारपेठेचा करार केला. ब्रिटन बाहेरच राहिला. आपल्याकडे राष्ट्रकुल आहे, अमेरिका आहे, मग यांची काय गरज? पण शेजाऱ्यांची भरभराट दिसायला लागली आणि १९६१ मध्ये पंतप्रधान मॅकमिलन यांनी अर्ज केला. फ्रान्सच्या द गॉल यांनी १९६३ मध्ये तो अडवला. १९६७ मध्ये पुन्हा तेच. महायुद्धात ज्यांना लंडनने आसरा दिला, तेच हे द गॉल!

ते पायउतार झाल्यावर, १ जानेवारी १९७३ ला, ब्रिटन आत आला. पण वरातीमागून घोडं! शेतीचं सामायिक धोरण आधीच ठरलं होतं, तेही फ्रान्सच्या शेतकऱ्यांच्या सोयीचं. ब्रिटनमध्ये शेतकरी कमी, त्यामुळे वर्गणी जास्त आणि परतावा कमी. तरीही १९७५ च्या सार्वमतात ६७ टक्के लोक ‘राहू’ म्हणाले. थॅचरबाईंनीसुद्धा तेव्हा ‘राहू’चाच प्रचार केला होता. पंतप्रधान झाल्यावर मात्र त्या पैशांसाठी भांडल्या आणि १९८४ मध्ये वर्गणीत सूट मिळवलीच.

माझ्या मते गोची इथेच आहे. हे नातं कायम हिशोबाच्या वहीतच राहिलं. वहीत न दिसणारी गोष्ट होती आयर्लंडची सीमा. १९९८ च्या शांतता करारानंतर तिथल्या लष्करी चौक्या हटल्या. दोन्ही देश युरोपीय संघात असल्यामुळे मालाची तपासणीही नव्हती. २०१६ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये ५६ टक्के लोकांनी ‘राहू’ म्हणून मत दिलं होतं. पुढची बोलणी वर्षानुवर्षं अडकली ती याच सीमेवर. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला, तरी तो गुंता सुटला नव्हता.

नोकरीत मी एकदा ‘नको असलेली’ एक फाइल उडवली होती. आमचं सगळं छान चाललं, पण दुसऱ्याच टीमचं काम बंद पडलं. त्या रात्री जागून दुरुस्ती करताना मला ते मीम्स आठवले. मतपत्रिकेवर ‘राहायचं की निघायचं’ एवढंच विचारलं होतं. आपण निघाल्यावर कोणाचं काय मोडेल, हा प्रश्न तिथे नव्हताच.

तुमचं मत कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात!