मैफल शेवटाकडून ऐका



शास्त्रीय संगीत ऐकावंसं वाटतं, पण 'आपल्याला त्यातलं काही कळत नाही' म्हणून दारातूनच मागे फिरणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. ज्या मुलखात मिरजेला तंबोरे घडतात, कोल्हापुरात अल्लादिया खाँसाहेबांनी शिष्य घडवले, पुण्यात १९५३पासून सवाई गंधर्व महोत्सव भरतो, त्या मुलखात असं व्हावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. आजचं बोलणं त्या माणसांसाठी आहे.

माझ्या मते त्यांची अडचण आकलनाची नाही, क्रमाची आहे. मैफल सुरू होते संथ लयीतल्या बड्या ख्यालानं. अतिविलंबित एकतालात मात्रा बाराच, पण एक आवर्तन पुरं व्हायला पाऊण मिनिट, कधी मिनिटही लागतं. शेजारचे जाणकार समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, मान डोलावतात आणि नवख्याला कळतच नाही की आत्ता काय घडलं. अर्ध्या तासात तो थकतो. ज्या द्रुत बंदिशीनं त्याला सहज धरून ठेवलं असतं, ती येईपर्यंत तो घरी पोचलेला असतो. तेव्हा नवख्यानं हा क्रम सरळ उलटा करावा. आधी छोटा ख्याल, म्हणजे ही द्रुत बंदिश, मग मध्यलयीतलं गाणं आणि बडा ख्याल सर्वांत शेवटी.

सुरुवातीला एकच राग घ्या. मी भूप सुचवीन. सा, रे, ग, प, ध असे पाचच स्वर, सगळे शुद्ध. किशोरी आमोणकरांची 'सहेला रे' ही त्यांची स्वतःची बंदिश लावा. ती द्रुत तीनतालात आहे. पहिल्यांदा गाण्याकडे लक्षही देऊ नका, तबल्याकडे द्या. तीनतालाच्या सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला काल, म्हणजे टाळी न देता हात नुसता बाजूला. आता डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या वाद्याचा, घुमारा ऐका. ठेक्यात दहाव्या मात्रेला तो थांबतो. 'तिं तिं ता, ता' एवढं कोरडं वाजतं आणि चौदाव्या मात्रेला 'धिं' म्हणत डग्गा परत बोलू लागतो. धिं, धिं, धा, की लगेच सम! तबलजी मधूनच बोल भरतात तेव्हा ही खूण झाकली जाते, पण साधा ठेका सुरू असला की ती हमखास सापडते. ही एवढी एक गोष्ट कानाला लागली की गायिका कुठून निघाली, किती लांब गेली आणि मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, घेऊन नेमकी समेवर कशी आली, हे तुमचं तुम्हालाच दिसू लागतं. इथून पुढे कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही, असं मी खात्रीनं म्हणतो.

राग ओळखायची घाई मात्र करू नका. राग ओळखता येणं म्हणजे गाणं कळणं, हा समज फार नुकसान करतो. भूपाचेच पाच स्वर देशकारातही आहेत, पण भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात, देशकार सकाळी. भूप गंधारावर रमतो, देशकार धैवतावर, तोही वरच्या अंगानं. सुधीर फडक्यांनी १९६१ साली स्वरबद्ध केलेलं 'ज्योतिकलश छलके' आपण सारे गुणगुणतो. त्याला कुणी भूप म्हणतात, कुणी त्यात देशकार पाहतात. जाणत्यांतही जिथं मतभेद असतो, तिथं नवख्यानं बिचकायचं कारण नाही. दोन्ही राग एकापाठोपाठ ऐकले, तर स्वर तेच असून माणूस वेगळा, हे नाव न घेताही जाणवतं.

वेळ नाही ही तक्रारही मी नेहमी ऐकतो. जुन्या तबकड्यांची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची असे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या तीन मिनिटांत अख्खी मैफल उभी केलेली आहे. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी साडेतीनच मिनिटांची. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर ती अंतराळात गेली. या तबकड्या आज फोनवर फुकट ऐकायला मिळतात. तीच तबकडी पुन्हा पुन्हा ऐका. रोज नवं काहीतरी लावण्याची सवय शास्त्रीय संगीताला मानवत नाही.

द्रुत लय कानात मुरली की मग त्याच भूपातला बडा ख्याल घ्या. जयपूर घराण्याचं विलंबित त्या मानानं चालतं असतं, तिथून सुरुवात करावी, मग किराणा घराण्याकडे वळावं. आता बड्या ख्यालातली आलापी रटाळ वाटणार नाही, कारण रागाची वळणं तुमच्या ओळखीची झालेली असतील.

आणि शेवटचं. ध्वनिमुद्रणावर थांबू नका. तुमच्या गावातल्या संगीत मंडळाची बैठक असेल तेव्हा जा. मागच्या खुर्चीत बसू नका. तबलजींचा हात दिसेल इतकं पुढे बसा, मांडीवर हलकेच टाळी-काल धरा. काही अडलं तर मध्यंतरात शेजारच्या जाणत्याला विचारा, लोक आनंदानं सांगतात. मैफलीच्या शेवटची भैरवी होईपर्यंत मात्र उठू नका.