उन्हाचा देश आणि हाडांचे दुखणे

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त हैदराबाद येथे झालेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी दुखण्याखुपण्याचा विषय काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या न्यासाने विद्यार्थ्यांच्या फीला आणि रुग्णांच्या औषधाला आजवर हातभार लावला, त्याच्या व्यासपीठावर आरोग्याची चर्चा व्हावी हे आम्हांस उचितच वाटते.

आमचा विषय आहे अरब लोकांतील सांध्यांचे व हाडांचे विकार. मराठी मंडळींना अरबांचे काय, असे कोणी विचारील. पण हैदराबादकराने तरी ते विचारू नये. निजामाच्या फौजेत हद्रमौतहून आलेल्या अरब शिपायांचे वंशज आपल्याच शहरात, बारकसमध्ये, पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. त्या वस्तीचे नावच मुळी फौजेच्या बराकींवरून पडले. शिवाय आपल्यातील कितीतरी घरांची मुलेमुली आज दुबई, कुवेत, मस्कत येथे नोकरीला आहेत. शेजाऱ्याचे दुखणे समजून घेतले की आपलेही उमजू लागते.

आपल्याकडे गुडघा दुखो, कंबर दुखो की खांदा, 'वात झाला' असे म्हणून आपण मोकळे होतो. अरब घरांतही 'रूमातिझम' ह्या एकाच शब्दाच्या गाठोड्यात अशी नाना दुखणी बांधलेली असतात. त्या गाठोड्यातील तीन दुखणी आज आपणांपुढे सोडून दाखवावी, असा आमचा विचार आहे.

पहिले दुखणे उन्हाच्या देशातले, पण उन्हावाचून होणारे. सौदी अरेबिया, कुवेत, अमिराती येथे वर्षभर सूर्य आग ओकतो. त्या उन्हाच्या किरणांनीच आपल्या कातडीत 'ड' जीवनसत्त्व तयार होते, आणि ते असेल तरच अन्नातील चुना हाडांना नीट लागतो. मग तेथे तरी त्याची वाण कशी पडावी? परंतु पाहण्यांत असे आढळले आहे की त्या देशांत ह्या जीवनसत्त्वाची कमतरता अतिशय मोठ्या प्रमाणावर आहे, आणि स्त्रियांत ती विशेष. कारण उघड आहे. ऊन इतके कडक की माणसे घरात, मोटारीत, थंड हवेच्या कचेरीत दिवस काढतात. बाहेर पडताना अंग पूर्ण झाकलेले असते. आणि खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही, कारण जे किरण हवेत तेच काच अडवते. सावळ्या कातडीला तेवढ्याच जीवनसत्त्वासाठी ऊनही अधिक वेळ लागते.

अशा स्त्रीचे सर्वांग ठणकते, जिना चढवत नाही, खाली बसले तर हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठवत नाही. घरची माणसे म्हणतात, वय झाले. कोणी म्हणतात, कामाचा कंटाळा. वास्तविक तिची हाडे मऊ पडत चाललेली असतात. रक्ताची एक तपासणी आणि डॉक्टरांनी सांगितलेले स्वस्त औषध ह्यांनी ती बरी होऊ शकते. मात्र हे जीवनसत्त्व मनाने, भरमसाट घेऊ नये; अतिरेक झाल्यास रक्तात चुना वाढून मूत्रपिंडांना इजा होते. आता सदनिकांत राहणाऱ्या, सकाळपासून दाराआड असणाऱ्या आपल्या आयाबहिणींकडे पाहा. ही गोष्ट केवळ अरबांची राहिली आहे काय?

दुसरे दुखणे वंशपरंपरेचे. त्याला भूमध्य प्रदेशाचा कौटुंबिक ताप म्हणतात. अरब, तुर्क, आर्मेनियन व ज्यू ह्या लोकांत तो विशेष आढळतो. मूल चांगले खेळत असते. एकाएकी ताप चढतो, पोटात किंवा छातीत असह्य कळा येतात, घोटा अगर गुडघा सुजतो. आणि एकदोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत, सारे ओसरते. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. आंत्रपुच्छ समजून अशा कित्येकांची पोटे विनाकारण कापली गेली आहेत. मूल शाळा चुकवण्यासाठी ढोंग करते, हा आरोप तर ठरलेलाच. दुर्लक्ष झाले तर पुढे एक प्रकारचे प्रथिन मूत्रपिंडांत साचून ती निकामी होतात.

ह्यावरील औषधाची कथा ऐकण्यासारखी आहे. 'सुरंजान' नावाचा कंद अरबी भाषेत लिहिणाऱ्या हकिमांना सांधेदुखीवर ठाऊक होता. इब्न सीनाच्या ग्रंथातही तो येतो, आणि आपल्या शहरातील युनानी दवाखान्यांना तो आजही परिचित आहे. १८२० साली फ्रान्समध्ये त्याच जातीच्या वनस्पतीतून कोल्चिसीन हे द्रव्य वेगळे काढले गेले. ते रोज घेतले असता ह्या तापाचे झटके थांबतात, हे १९७२ साली पुढे आले. आणि १९९७ साली रोगाचे मूळ असलेले जनुकही सापडले. कंद विषारी आहे, म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवावयाची. पण रोगाचे नाव कळले नाही, तर हाताशी असलेले औषध हाताशीच राहते.

तिसरे दुखणे आपल्या अगदी जवळचे. सौदी अरेबियाच्या पूर्व भागात, कतीफ व अल-अहसा येथे, सिकलसेल हा रक्ताचा विकार पुष्कळ आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडांत भयंकर वेदना होतात. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त न मिळाल्यास ते झिजून बसते, व ऐन तारुण्यात माणूस लंगडू लागतो. ह्यालाही कित्येकदा संधिवातच म्हटले जाते. शास्त्रज्ञांनी ह्या जातीच्या सिकलसेलला 'अरब-भारतीय' असेच नाव दिले आहे, कारण पूर्व अरबस्तानातला आणि आपल्या विदर्भातील, गडचिरोली-चंद्रपूरकडील, सिकलसेल जनुकदृष्ट्या एकाच घराण्याचा आहे. समुद्राच्या दोन तीरांवर एकच दुखणे!

सौदी सरकारने २००४ सालापासून विवाहापूर्वी ह्या विकाराची तपासणी सक्तीची केली. ताप असो वा सिकलसेल, आईबाप दोघेही वाहक असतील तरच मुलाला रोग होण्याचा संभव असतो, आणि नात्यात लग्ने होतात तेथे तो वाढतो. ह्या बाबतीत आपण कोणाला नावे ठेवण्याचे कारण नाही. मामेबहिणीशी लग्न आपल्याकडेही होत आले आहे. त्याहून वाईट म्हणजे, स्थळ मोडेल ह्या भीतीने मुलीचे दुखणे लपविणे. लपविलेले दुखणे लग्नानंतर बाहेर येतेच. मधली वर्षे मात्र वाया जातात, आणि ती बहुधा त्या मुलीच्या आयुष्यातली असतात.

औषधाविषयी एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. खऱ्या संधिवातात मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. गोळीचा वार घरातील दुसऱ्या माणसालाही ठाऊक असावा. तसेच झटपट बरे वाटते म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने घेत राहू नये, त्यांनी हाडे पोकळ होतात. आणि पुष्कळ दिवस घेतल्या असतील तर मनाने एकदम सोडूही नये. रमजानच्या उपवासात औषधे परस्पर बंद करणारे रुग्ण तिकडे आहेत. चातुर्मासात तसेच करणारे आपल्याकडेही असतील. आजाऱ्याला कुराणानेही उपवासातून सवलत दिली आहे. आपला धर्मही काही कमी दयाळू नाही.

शेवटी न्यासाच्या चालकांना एक विनंती. रुग्णाला आपण औषधासाठी मदत देतो; ह्यापुढे तपासणीसाठीही द्यावी. नावच न कळलेल्या रोगावर केलेला खर्च पालथ्या घड्यावर पाण्यासारखा जातो. आणि घरातील कर्त्या मंडळींना विनंती अशी, की सून, आई वा लेक सकाळी उठताना बोटे आखडली म्हणाली, जिना चढवत नाही म्हणाली, तर 'वात आहे, शेक घे' एवढ्यावर तिची बोळवण करू नये. त्या दुखण्याला त्याचे नाव विचारावे.