चीनची समृद्धी आणि चिनी श्रमिक
(वार्षिक संमेलनातील भाषण)



चीनच्या प्रगतीची चर्चा बहुधा शांघायच्या गगनचुंबी इमारतींपासून सुरू होते. मी ती आन्हुई प्रांतातील शियाओगांग या खेड्यापासून सुरू करू इच्छितो. १९७८ साली तेथील १८ कुटुंबांनी सामूहिक शेती आपापसांत वाटून कसण्याचा गुप्त करार केला व त्यावर अंगठे उमटविले. कोणी तुरुंगात गेल्यास त्याची मुले इतरांनी सांभाळावीत, असेही त्यात नमूद होते. पुढे ही पद्धत देशभर मान्य झाली. मालकी गावाकडेच राहिली. परंतु कसण्याचा हक्क घराघरात पोहोचला. अन्नाची शाश्वती आधी आली, कारखान्यांची भरभराट मागाहून झाली. १९७८ मध्ये दरडोई उत्पन्न दोनशे डॉलरहूनही कमी होते. २०१९ मध्ये त्याने दहा हजारांचा टप्पा ओलांडला. चाळीस वर्षांत सुमारे ८० कोटी माणसे अतिदारिद्र्यातून बाहेर आली, असे जागतिक बँक सांगते.

परंतु या चित्राला दुसरी बाजू आहे. १९५८ च्या ‘हुकोऊ’ कायद्याने प्रत्येकाची ग्रामीण वा शहरी अशी नोंद केली आणि ती जन्माने पुढच्या पिढीकडे गेली. २०१४ मध्ये हा भेद कागदोपत्री रद्द करण्याचे ठरले. तथापि महानगरांची दारे अद्याप पुरती उघडलेली नाहीत. शहरे उभारणाऱ्या कोट्यवधी श्रमिकांच्या मुलांना त्याच शहरांतील सरकारी शाळांत प्रवेश मिळणे कठीण जाते. स्थलांतरिताच्या दृष्टीने शाळेचा प्रवेश म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको. ते तर स्वदेशातच परके ठरले आहेत. सुमारे ६० कोटी लोकांचे मासिक उत्पन्न जेमतेम हजार युआन असल्याचे पंतप्रधान ली खछियांग यांनीच २०२० मध्ये सांगितले होते.

येथेच चीनच्या भवितव्याचा प्रश्न उभा राहतो. २०२१ पासून घरबांधणीचा व्यवसाय कोसळला. २०२२ पासून लोकसंख्या घटू लागली. राष्ट्रीय उत्पन्नात कुटुंबांच्या खर्चाचा वाटा अवघा चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. म्हातारपणाची व आजारपणाची तरतूद नसलेला श्रमिक पैसा खर्च करीत नाही, साठवितो. मग कारखान्यांतील माल घ्यावयाचा कोणी? निर्यातीवर विसंबावे, तर इतर देश जकातीच्या भिंती उभारीत आहेत. म्हणून श्रमिकांना समान हक्क देणे ही आता त्या अर्थव्यवस्थेचीच निकड झाली आहे.

तेव्हा येत्या काळात चीनच्या विकासदराचे आकडे अवश्य वाचावेत. परंतु खेड्यातील वृद्धाचे निवृत्तिवेतन किती वाढले आणि श्रमिकाचे मूल शहरातील शाळेत बसले की नाही, याकडेही लक्ष ठेवावे, एवढीच विनंती.