कारंजा : वेशींच्या आंतलें गांव

विदर्भांत कारंजा नांवाचीं गांवें एकाहून अधिक आहेत. वर्धा जिल्ह्यांतलें तें घाडग्यांचें कारंजा आणि वाशीम जिल्ह्यांतलें हें लाडांचें कारंजा. याच गांवास एके काळीं कारंजा बिबीचें असेंही म्हणत; अहमदनगरच्या शाही घराण्यांतील एका कन्येस तें आंदण मिळालें होतें, अशी त्यामागची आख्यायिका. त्याहून जुनी कथा करंज ऋषींची. दुर्धर व्याधीनें गांजलेल्या या ऋषींनीं अंबेची करुणा भाकली, देवीनें त्यांच्यासाठीं तलाव निर्माण केला आणि त्यांत स्नान करितांच त्यांची काया निर्मळ झाली. ऋषितलाव तो हाच, असें गांवकरी दाखवितात. एका गांवाच्या नांवावर ऋषि, बिबी आणि लाड या तिघांनीं हक्क सांगावा, यावरून तेथें किती प्रकारचीं माणसें येऊन राहिलीं असतील याची कल्पना येते.

जुन्या कारंजास तट होता आणि तटास चार वेशी होत्या : दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. वाट ज्या गांवाकडे जाई त्या गांवाचें नांव वेशीस मिळालें. पोहा हें जवळचें लहानसें खेडें, आणि दिल्ली तर बादशहाची राजधानी. परंतु कारंजाच्या वेशींवर दोघांचा मान सारखाच. व्यापाऱ्यांच्या गांवाची दृष्टि अशीच असते. तटाचा बराचसा भाग आतां उरलेला नाहीं. तरी पत्ता सांगतांना वेशीचें नांव घेतल्यावांचून कारंजेकरांचें चालत नाहीं.

तटाच्या आंत जें होतें त्याची कीर्ति फार दूर गेली होती. इ. स. 1670 च्या ऑक्टोबरांत शिवाजी महाराजांनीं सुरत दुसऱ्यांदा लुटली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मराठ्यांची फौज मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यांत उतरून थेट कारंजावर आली. इतिहासकार जदुनाथ सरकार यांनीं दिलेल्या वृत्तांताप्रमाणें सोनें, रुपें आणि उंची वस्त्रें मिळून एक कोटीचा ऐवज चार हजार बैलांवर व गाढवांवर लादून नेण्यांत आला. गांवांतील धनिकांस खंडणीसाठीं धरून नेलें. सर्वांत मोठा सावकार तेवढा स्त्रीवेष घेऊन निसटला. मराठ्यांच्या छावणींत स्त्रियांस हात लावीत नाहींत, ही गोष्ट त्या चतुर गृहस्थास पुरती ठाऊक असली पाहिजे. शत्रूच्या शीलावर इतका भरंवसा टाकून प्राण आणि पैसा वांचविल्याचें उदाहरण विरळाच!

गांवच्या श्रीमंतीची दुसरी साक्ष दंतकथेची आहे. एका संघई घराण्याच्या धन्यानें उंटांवरून आलेली कस्तुरी एकदम खरेदी केली आणि ती हवेलीच्या पायाच्या चुन्यांत कालविली, असें सांगतात. हिशेबी वाण्याचें हें काम वाटत नाहीं. परंतु गुजरातेंतून आलेल्या शीलविजय नांवाच्या जैन यात्रेकरूनेंही सतराव्या शतकांत येथील जैन धनिकांच्या संपत्तीचें व औदार्याचें वर्णन केलेलें आहे. तेव्हां कस्तुरी सोडून दिली तरी हवेली खरी धरावयास हरकत नाहीं.

हिंदु समाजास कारंजा परिचित आहे तें निराळ्या कारणानें. श्रीनृसिंहसरस्वतींचा जन्म येथें चौदाव्या शतकांत माधव व अंबा या दांपत्याच्या पोटीं झाला, अशी परंपरा आहे. गुरुचरित्र वाचणाऱ्या घरांत हें गांव न पाहतांही ओळखीचें असतें. मात्र जन्मस्थानाकडे भक्तांचें लक्ष वळण्यास वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबेस्वामी, यांचा काल यावा लागला. ब्रह्मानंद सरस्वती यांनीं 1934 मध्यें येथें गुरुमंदिर स्थापिलें आणि तेव्हांपासून वाडी, औदुंबर, गाणगापूर यांच्या मालिकेंत कारंजा आलें.

तरी विद्येच्या जगांत कारंजाचें नांव झालें तें पोथ्यांमुळें. येथें जैनांचीं तीन जुनीं मंदिरें आहेत : सेनगणाचें, बलात्कारगणाचें आणि काष्ठासंघाचें. काष्ठासंघाच्या मंदिरांतील लांकडावरचें कोरीव काम पाहण्यासारखें आहे. हे तीन संघ म्हणजे तीन गुरुपरंपरा. त्यांच्या भट्टारकांच्या गाद्या, त्यांचे शिष्य, त्यांस मानणारीं घराणीं हीं सर्व एकाच पेठेंत नांदत होतीं. या मंडळींत राजस्थानांतून दक्षिणेंत उतरलेलीं बघेरवाल घराणीं पुष्कळ होतीं. गादीवरचे गुरु संस्कृत जाणत, पण श्रावक-श्राविका बोलत मराठी. म्हणून सतराव्या शतकांत येथील बलात्कारगणाशीं संबद्ध असलेल्या गंगादासानें मराठींतही रचना केली.

व्रताचें उद्यापन झालें कीं एखादा ग्रंथ लिहवून घेऊन तो मंदिरास किंवा मुनींस अर्पण करावयाचा, ही या समाजाची रीत. अन्नदानासारखेंच हें शास्त्रदान. लेखक पोथीच्या अखेरीस तिथि, गांव, गुरूंचीं नांवें आणि दात्याचें कुल लिहून ठेवी; दात्यांत स्त्रियाही असत. ज्या बाईचें नांव कोणत्याही दस्तऐवजांत आलें नसतें तें अशा एखाद्या पानाच्या कडेस सुखरूप राहिलें आहे. पोथी फळ्यांमध्यें ठेवून वेष्टनांत बांधावयाची, आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, म्हणजे श्रुतपंचमीस, बाहेर काढून झाडून पुसून तिची पूजा करावयाची. धर्मविधि आणि वाळवीचा बंदोबस्त दोन्ही एकाच दिवशीं!

भूमध्य समुद्रांत पाटमॉस नांवाचें एक लहान बेट आहे. तेथें 1088 मध्यें स्थापिलेल्या मठाच्या तटबंदीस लागून गांव वसलें, आणि समुद्रावरच्या चांचांची धास्ती असतांही मठानें ग्रीक हस्तलिखितांचा मोठा संग्रह राखला. कारंजाची जात तीच. मात्र राखणें म्हणजे दडविणें नव्हे, हें जुन्या भांडारांच्या रक्षकांस पटावयास फार काल लागला. कुलुपांमुळें पोथ्या वांचल्या हें खरें, आणि त्याच कुलुपांमुळें त्या कोणीं वाचल्या नाहींत हेंही खरें.

कुलुपें निघालीं तीं विसाव्या शतकांत. मध्यप्रांत व वऱ्हाडांतील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची रायबहादुर हिरालाल यांनीं केलेली मोठी सूची 1926 मध्यें प्रसिद्ध झाली. तिच्यांत कारंजाच्या भांडारांची दखल घेतली गेली. पुढें अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजांतील संस्कृताचे प्राध्यापक हिरालाल जैन यांनीं या पोथ्या अभ्यासल्या. नामसाम्यामुळें या दोघांची गल्लत होते. ते निरनिराळे गृहस्थ. भांडारांतून अपभ्रंश भाषेचे ग्रंथ निघाले. मराठी, गुजराती, हिंदी या भाषा ज्या अवस्थेंतून गेल्या ती ही भाषा, पण तिचे समग्र ग्रंथ तोंवर फारसे छापलेलेच नव्हते. जर्मन पंडित याकोबी यांनीं त्यांतील एक कथा 1918 मध्यें म्युनिक येथें छापली होती. आतां कारंजाच्याच नांवानें निघालेल्या ग्रंथमालेंत डॉ. प. ल. वैद्य यांनीं पुष्पदंताचें जसहरचरिउ 1931 मध्यें संपादिलें. हिरालाल जैन यांनीं णायकुमारचरिउ, पाहुडदोहा आणि 1934 मध्यें करकंडचरिउ प्रसिद्ध केलें. पुष्पदंत हा दहाव्या शतकांत राष्ट्रकूटांच्या मान्यखेटास राहिलेला मानी कवि. करकंडचरिउचा कर्ता कनकामर मुनि. त्यानें तेरापुराजवळच्या लेण्यांचें वर्णन केलें आहे आणि तीं धाराशिवचीं लेणीं होत, असें संपादकांनीं दाखविलें. वऱ्हाडच्या पेटींतल्या पोथीनें मराठवाड्याच्या डोंगरावरील लेण्यांची ओळख पटवावी, हा योग मोठा सुंदर!

कारंजाचें महावीर ब्रह्मचर्याश्रम हें गुरुकुल 1918 मध्यें ब्रह्मचारी देवचंद यांनीं स्थापिलें; हेच पुढें समंतभद्र महाराज झाले. मूडबिद्रीस शतकानुशतकें ताडपत्रांत बंद असलेल्या धवला टीकेची एक नक्कल या आश्रमांत होती. हिरालाल जैन यांनीं 1939 पासून धवलेचें प्रकाशन आरंभिलें, तेव्हां पाठ ठरविण्यास अमरावती व आरा येथील प्रतींबरोबर कारंजाची प्रतही घेतली.

व्यापाराची कथा थोडक्यांत सांगतां येते. इंग्रजी अमदानींत उंची वस्त्रांची जागा कापसानें घेतली आणि मूर्तिजापूरहून यवतमाळास जाणारी अरुंद मापाची आगगाडी कारंजावरून धांवूं लागली. तिचें वाफेचें इंजिन 1994 पर्यंत चाललें. पुढें गाडीही बंद पडली. गांव आधीं अमरावती जिल्ह्यांत, मग अकोला जिल्ह्यांत आणि 1998 पासून वाशीम जिल्ह्यांत मोजलें जातें. नागपूरहून निघालेला समृद्धि महामार्ग 2022 पासून जवळून जातो. त्यावरून जाणाऱ्यांस वेशी दिसत नाहींत.

भट्टारकांच्या गाद्या विसाव्या शतकांत संपल्या. सेनगणाचे वीरसेन हे अध्यात्मग्रंथांचे मोठे जाणते म्हणून ख्यात होते. या परंपरांचे लेख व प्रशस्ति नागपूरचे विद्याधर जोहरापूरकर यांनीं 1958 मध्यें ‘भट्टारक संप्रदाय’ या ग्रंथांत एकत्र केल्या, म्हणून कोणत्या गुरूनें कोणास पोथी दिली हें आज सांगतां येतें. गादी रिकामी झाली कीं पोथ्यांचा भार पंचांवर येतो. जुनी लिपि सरळ वाचणारीं माणसें थोडीं असतात, कागद मात्र दर पावसाळ्यांत थोडा अधिक ठिसूळ होतो. श्रुतपंचमी ज्येष्ठांत, पावसाच्या तोंडावर येते. त्या दिवशीं वेष्टनें सोडलीं जातात, आणि पूजेनंतर कोणी एखादें पान उचलून वाचूं लागतो किंवा तीं तशींच पुन्हां बांधलीं जातात.