बोलोन्याचा खिमा आणि आपली चूल



संगमनेर तालुक्यातले निमज हे गाव तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तिथले नामदेव जाधव मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. ९ एप्रिल १९४५ रोजी, इटलीत सेनिओ नदी ओलांडताना, त्यांनी दोन जखमी सोबत्यांना सुरुंग पेरलेल्या जमिनीतून एकामागून एक उचलून आणले, शत्रूची मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली आणि नदीच्या बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शिक्षकबंधूंनी ही हकीकत वर्गात सांगितलीही असेल. आज मी त्याच मुलखातल्या एका पातेल्याविषयी बोलणार आहे.

सेनिओपासून पश्चिमेला चाळीस-पन्नास किलोमीटरवर बोलोन्या नावाचे शहर आहे. तिथे खिम्याचे एक दाट कालवण करतात. त्याला ‘रागू’ म्हणतात. ते रुंद पट्ट्यांच्या शेवयांत कालवून खातात. त्या शेवयांचे नाव ‘ताल्यातेल्ले’.

माझे आजोबाही पलटणीत होते; जाधवांच्या तुकडीत नव्हे, पण त्याच भागात. लढाईविषयी ते फारसे बोलत नसत. बोलत ते एका शेतघरातल्या म्हातारीविषयी. हिवाळ्यात त्यांचा मुक्काम तिथे होता. ती सकाळीच पातेले चुलीच्या कडेला ठेवी आणि ते दुपारपर्यंत रटरटत राही. वास घरभर दरवळे. पण मांस गाईबैलाचे, म्हणून आजोबा हात लावीत नसत. म्हातारीने कारण विचारले नाही. त्यांच्यापुढे नुसत्या लोणी लावलेल्या शेवया ठेवू लागली. “वास घेतला, चव राहिली,” असे आजोबा म्हणत.

२००८ साली, ते पंच्याऐंशीचे असताना, मी ठरवले की बोकडाच्या खिम्याचा रागू करून त्यांना खाऊ घालायचा. आई म्हणाली, “प्राध्यापक आता चुलीपाशी बसणार!” मी घाईत होतो. आच मोठी केली आणि अर्ध्या तासात पातेले उतरवले. खिमा खड्यांसारखा झाला. आजोबांना दात नव्हते. त्यांनी दोन घास चघळले आणि ताट हळूच बाजूला सारले. बोलले काहीच नाहीत. ते ताट मला अजून दिसते.

चूक कुठे झाली? मांसाच्या धाग्यांमध्ये चिवट पडदे असतात. मंद आचेवर, ओलाव्यात, दीड-दोन तासांनी ते विरघळतात आणि रस्सा बुळबुळीत, दाट होतो. मोठ्या आचेवर मात्र धागे आवळतात, त्यातले पाणी निघून जाते आणि मांस रबरासारखे होते. आपल्या बायका पायाचा रस्सा रात्रभर चुलीवर ठेवतात, तो याच कारणाने. म्हणजे हे शास्त्र आपल्या घरात होतेच. मीच ते विसरलो होतो.

आता कृती सांगतो. अर्धा किलो खिमा घ्यावा. एक कांदा, एक गाजर आणि मूठभर कोथिंबिरीचे देठ अगदी बारीक चिरावेत. तिकडे देठांच्या जागी सेलरी घालतात. जाड बुडाच्या पातेल्यात तीन चमचे तेल-लोणी घालून हे सारे मऊ होईतो परतावे. करपू देऊ नये. मग खिमा घालून मोकळा करावा. आधी पाणी सुटेल, ते आटू द्यावे. खिमा तांबूस होऊन बुडाशी चिकटू लागला म्हणजे खरी चव तयार झाली. आता वाटीभर दूध घालून आटवावे. दुधाने आंबटपणा मवाळ होतो. नंतर पाव किलो टमाटे किसून घालावेत. संगमनेर-अकोल्याकडच्या मंडळींना त्यांची वाण नाही. मीठ, मिरपूड आणि दोन वाट्या गरम पाणी घालून आच इतकी बारीक करावी की एखादाच बुडबुडा वर येईल. दोन तास अधूनमधून ढवळावे; कोरडे वाटले तर थोडे गरम पाणी घालावे. गरम मसाला नको, लसूण नको, लाल तिखट नको.

शेवयांसाठी शंभर ग्रॅम बारीक चाळलेल्या पिठाला एक अंडे, या मापाने घट्ट मळावे आणि अर्धा तास झाकून ठेवावे. चकोल्यांसारखी पातळ पोळी लाटून करंगळीएवढ्या रुंद पट्ट्या कापाव्यात आणि उकळत्या खारट पाण्यात तीन-चार मिनिटे शिजवाव्यात. हे पाणी सगळे ओतून देऊ नये. पुरणाच्या डाळीचे येळवणी आपण आमटीला ठेवतो, तसे पळीभर राखून कालवणात घालावे. पिठूळपणाने कालवण शेवयांना धरून राहते. बाजारातला वाळवलेला पास्ता कठीण गव्हाचा असतो. आपला बन्सी त्याच जातीचा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या निफाड केंद्राने काढलेले ‘पंचवटी’ आणि ‘गोदावरी’ हे वाणही त्याच वर्गातले.

कुणी म्हणेल, गाईबैलाचे मांस नाही, वाइन नाही, मग हा रागू कसला? त्याला उत्तर बोलोन्याकरांनीच दिले आहे. १८९१ च्या आर्तुसी यांच्या प्रसिद्ध पाकपुस्तकात बोलोन्याच्या कालवणात टोमॅटो नव्हता. १७ ऑक्टोबर १९८२ रोजी तिथल्या व्यापारी मंडळाकडे जी कृती नोंदवली गेली, तीत तो आहे. ती कृतीही २०२३ साली सुधारली गेली. टोमॅटो तर मुळात अमेरिकेचा. तो त्यांच्याकडेही पाहुणाच. पदार्थ बदलत आले आहेत. बदलत नाही ती मंद आच. आणि अर्धा किलो खिमा पाच-सहा माणसांना पुरवण्याची गरजही सगळ्या गरीब मुलखांत सारखीच.

दुसऱ्या रविवारी मी पुन्हा पातेले ठेवले, या वेळी सकाळी नऊला. दुपारी आजोबांपुढे ताट ठेवले. त्यांनी आधी वाफेवर तोंड नेले आणि डोळे मिटले. मग सावकाश सगळे खाल्ले. “वास तोच हाये रं, पोरा,” एवढेच बोलले. पुढच्या वर्षी ते गेले.

इटलीत फोर्ली गावी आपल्या सातशेहून अधिक हिंदू आणि शीख जवानांची नावे एका स्मारकावर कोरलेली आहेत. त्यांना त्या मुलखातून परत येता आले नाही. माझ्या आजोबांना आले, म्हणून मी हे सांगू शकलो. तुमच्या घरी कुणी वडीलधारे असतील, तर त्यांच्या मनात राहून गेलेली एखादी चव विचारून घ्या. आणि ती रांधताना घाई करू नका.