पुढारी एक नको, वही धरणारे हात पुष्कळ हवेत

(पाटण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



बारावी झाली की आम्हा पोरापोरींना जो तो विचारायचा, "आता पुढं काय?" कुणी मुंबई गाठली, कुणी वीटभट्टी. आम्ही काहीजण वाडीतच राहिलो. लोक म्हणाले, शिकून रिकामी फिरत्यात. पण कचेरीतून कागद आला की तेच लोक आमच्या दारात यायचे, "बघ रं, काय लिवलंय." तिथंच आम्हाला काम गावलं. जे चार शब्द शिकलो ते वाडीचे आहेत, हे तिथं कळलं.

काम कसलं? 2006 चा वनहक्क कायदा झाला. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असलेल्या जमिनीचा दावा करता येतो. पण दावा तोंडी चालत नाही, कागद लागतो. म्हणून आम्ही वही घेऊन घरोघर फिरतो. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब हा पुरावा आहे. जुना बांध, विहीर, देवाची जागा, स्मशान हेही पुरावे आहेत. मात्र एकाच पुराव्यावर थांबू नका, एकापेक्षा जास्त जोडा. आपल्या आज्याआजोबांच्या डोक्यात जे आहे, ते त्यांच्या माघारी कोण सांगणार? म्हणून घाई आहे.

दावा फेटाळला तर गप बसायचं नाही. कारण लेखी मागायचं. कळल्यापासून 60 दिवसांत वरच्या समितीकडं अपील करता येतं. तारीख चुकली की फाईल बंद पडू शकते. म्हणून दर वाडीत तारखा लिहून ठेवणारं एक तरी माणूस पाहिजे.

आपल्या भागाला हे जास्त लागू आहे. कोयना धरणानं गावं उठवली. पुढं अभयारण्य आलं, 2010 साली कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पण कायदा सांगतो, हक्कांची पडताळणी पुरी झाल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही, आणि पुनर्वसनाला ग्रामसभेची लेखी संमती लागते. ही संमती कोण देणार? आपणच. ग्रामसभा झोपली तर दुसरं कुणीतरी आपल्या नावानं सही करंल.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघा. देवाजी तोफा यांच्यासारख्या माणसांनी तिथं आपल्या हातात सत्ता घेतली नाही, गावाच्या हातात दिली. निर्णय बहुमतानं नाही, सगळ्यांच्या संमतीनं. आधी अभ्यास गटात बसून समजून घ्यायचं, मग ठरवायचं. 2009 साली त्यांना सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 पासून आपला बांबू ग्रामसभा स्वतः विकू लागली. आपल्या साताऱ्यातही क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात गावोगावी न्यायनिवाडा लोकांनीच केला. म्हणजे ही गोष्ट बाहेरनं आणलेली नाही.

दोस्तांनो, पुढारपण म्हणजे गाडीत पुढं बसणं नव्हं. दाव्याचे पैसे मागणारा दलाल असतो, पुढारी नव्हं. आम्ही एक नियम केलाय: जे येतं ते दुसऱ्या दोघांना शिकवायचं, त्यातली एक बाई असावी. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया असायलाच हव्यात, आणि त्या नुसत्या सहीपुरत्या नकोत. आम्ही उद्या कामाला गेलो, आजारी पडलो, तरी वही थांबू नये.

तुम्ही विचारता, यात आम्हाला काय मिळतं? पगार नाही. पण म्हाताऱ्या माणसाच्या हातात हक्काचा कागद पडतो तेव्हा "पुढं काय?" या प्रश्नाचं उत्तर आम्हाला मिळतं.

आजच दर वाडीनं दोन नावं द्या. वह्या आम्ही आणल्या आहेत.

जल, जंगल, जमीन आमची! जिंदाबाद!