खिशातला मुकादम



माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा कायदेपंडिताची भाषा माझ्याकडून अपेक्षू नका.

मुंबईच्या गिरण्यांत जुन्या काळी दाराशी जॉबर उभा असे. यंत्र मालकाचे, घाम कामगाराचा. पण आत कोणी जायचे हे जॉबर ठरवी आणि त्याची दस्तुरी घेई. तसाच एक दरवाजा आज आपल्या खिशात आहे. अँड्रॉइड फोनवर ॲप पोचवायचे तर बहुतेकांना गूगलच्या प्ले स्टोअरमधूनच जावे लागते. ॲपमध्ये डिजिटल माल विकला, तर वसुली गूगलच्याच पद्धतीने करण्याची सक्ती होती आणि दस्तुरी शेकडा १५ ते ३०! इतकी तर आमच्या जॉबरानेही उघडपणे मागितली नसती.

फोन बनविणाऱ्यांची गत निराळी नव्हती. प्ले स्टोअर हवे, तर गूगलच्या इतर ॲपांचा गठ्ठाही फोनमध्ये घालायचा. साखर हवी तर साबणही घ्या, म्हणणाऱ्या वाण्याचाच हा प्रकार. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी यासाठी १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. पाच दिवसांनी वसुलीच्या सक्तीबद्दल आणखी ९३६.४४ कोटी.

गूगलचे म्हणणेही ऐकले पाहिजे. अँड्रॉइड आम्ही फुकट देतो, म्हणून फोन स्वस्त होतात. दरवाजा सताड उघडला तर चोर शिरतील, असे ते सांगतात. चोरांची भीती खोटी नाही. पण पहारा करणे वेगळे आणि पहाऱ्याच्या नावाने दुसऱ्याचे दुकान बसविणे वेगळे.

अपील न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ रोजी पहिला दंड कायम ठेवला, मात्र आयोगाचे चार आदेश रद्द केले. इतरांची ॲप-दुकाने प्ले स्टोअरमध्ये येऊ द्या, हा त्यांतलाच एक. दुसरा दंड २०२५ च्या मार्चमध्ये २१६.६९ कोटींवर आला. दंड सरकारी तिजोरीत जातो; दाराची किल्ली कोणाकडे राहिली, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते.

१ मार्च २०२४ रोजी दस्तुरीच्याच वादातून काही भारतीय कंपन्यांची ॲपे प्ले स्टोअरवरून उतरविली गेली. त्यांत लग्न जुळविणारी होती, नोकरी शोधून देणारेही होते. सरकार मध्ये पडले, तेव्हा काही दिवसांत ती परत आली. त्या दिवसांत नोकरीचे ॲप नव्याने घेऊ पाहणाऱ्या पोराला ते तिथे सापडले नाही, आणि का सापडले नाही हे विचारायला दाराशी जॉबरसुद्धा उभा नव्हता.